कागजीपुऱ्याची वाट

प्रवासवर्णन लिहायचे तर लेखकाने निदान काश्मीरपर्यंत तरी जाऊन यावे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मी गेलो तो पुण्याहून कागजीपुऱ्याला. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या चहाला तिथे पोहोचतो. मला मात्र या प्रवासाला निघायलाच अकरा वर्षे लागली.

कागजीपुरा कुठे आहे असे कोणी विचारले तर मी त्याला हसणार नाही. वेरूळची लेणी पाहायला गेलेली बहुतेक माणसे त्या गावावरून गेलेली असतात. दौलताबादचा किल्ला मागे पडतो, मोटार घाट चढू लागते, मंडळी डबे उघडतात आणि 'आता खुलताबाद किती लांब?' असे विचारेपर्यंत कागजीपुरा येऊन गेलेला असतो. मीही तरुणपणी असाच दोनदा त्यावरून गेलो होतो. तिसऱ्या वेळी उतरलो तो एका पत्र्याच्या डब्यापायी. त्या डब्याची हकिगत आधी सांगायला हवी.

आमचे मूळ घर वाईचे. आई दिवाळीची भेटकार्डे कधी विकत आणीत नसे. पैसे नव्हते हे खरेच, पण असते तरी आणली नसती असे मला वाटते. दसरा झाला की ती वाण्याकडून जाड कागदाचा एक ताव आणवी आणि त्याचे सोळा तुकडे करी. भेंडी आडवी कापून, शाईत बुडवून कागदावर टेकवली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. हे ज्याने लहानपणी केले नाही त्याने दिवाळीच्या सुट्टीत केले काय, असे मला विचारावेसे वाटते. दुसरा प्रकार नेच्याच्या पानाचा. पान कागदावर ठेवायचे, जुना दात घासायचा ब्रश शाईत बुडवायचा आणि कंगव्यावरून घासायचा. बारीक तुषार उडतात आणि पान उचलले की त्याची पांढरी सावली खाली राहते. वर्षभर साठवलेल्या लग्नपत्रिकांवरचे गणपती कातरून लावणे हा तिसरा. त्यात अक्काने कातरायचे आणि मी चिकटवायचे अशी वाटणी असे. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या हातात कात्री अशी चाले, की कागदच आपण होऊन वळतो आहे असे वाटावे. माझ्या वाट्याला खळीची वाटी. माझी खळ नेहमी जास्त होई, कडेने बाहेर येई आणि अक्का ती बोटाने पुसून माझ्याकडे नुसते पाही.

पुढे अक्का औरंगाबादच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाई झाली. लग्नही तिथेच झाले. मी पुण्यात एका कचेरीत चिकटलो. आईने मला चिकटवण्याचे काम शिकवले होते ते असे उपयोगी पडले.

आई गेल्यावर 2002 साली वाईचे घर विकायचे ठरले. ठरले म्हणजे मी ठरवले. अक्काचे म्हणणे एवढेच होते, की सगळे विका, पण आईची खोली आणि पुढचे दार राहू द्या. आता घराचे दार ठेवून घर कसे विकतात? मी कचेरीतला माणूस. चार जणांदेखत म्हणालो, "तू चित्रकार आहेस ना? मग दाराचं चित्र काढ आणि लाव तुझ्या भिंतीवर." अक्काने पुढे येऊन कागदावर सही केली आणि त्यानंतर आमचे बोलणे संपले.

त्या वर्षी दिवाळीत तिच्याकडून पाकीट आले. आत एक कार्ड होते. वाईच्या घराचे दार. तपकिरी कागदाची दोन झडपे, खरोखर उघडणारी. मी ती उघडली. आत कोरा कागद, आणि खाली बारीक अक्षरात, 'शुभ दीपावली. अक्का.' मला तो टोमणा वाटला. मी ते कार्ड फाडले.

पुढल्या दिवाळीला पुन्हा कार्ड आले. भेंडीची फुले होती. मग दर दिवाळीला येतच राहिले. मजकूर तोच, दोन शब्द आणि नाव. मी उत्तर पाठवीत नसे आणि कार्ड टाकूनही देत नसे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते ठेवून द्यायचे आणि डबा कपाटावर. हे असे दहा वर्षे चालले.

2013 च्या सप्टेंबरात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझे मेहुणे. या गृहस्थांनी भांडणात कधी एक शब्दही उच्चारला नव्हता. ते म्हणाले, "यंदा कार्ड येणार नाही, म्हणून आधी कळवतो. तिच्या उजव्या हातातली शक्ती गेलीय. झटका सौम्य होता, बोलणं शाबूत आहे. पण तुम्ही वाट पाहाल, म्हणून म्हटलं."

तुम्ही वाट पाहाल! दहा वर्षांत साधी पोच न देणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवण्यात दाजींचा काही हेतू होता की तो त्यांचा भोळेपणा, ते मला आजतागायत कळलेले नाही. पण दसऱ्यानंतर मी रोज दुपारी जिन्यातल्या पेटीत डोकावत असे, ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस डबा पिशवीत घातला आणि निघालो. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून आदल्या दिवशी शिवाजीनगरला हातकागद संस्थेत गेलो. ही संस्था पुण्यात 1940 साली निघाली. के. बी. जोशी नावाच्या रसायनशास्त्र जाणणाऱ्या गृहस्थांनी ती उभी केली. गांधीजींनी 1934 साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढल्यावर हातकागदाच्या मागे जी मंडळी लागली त्यांपैकी हे एक. शेतकी महाविद्यालयाच्या आसपास अर्धे आयुष्य काढूनही मी कधी आत गेलो नव्हतो. दहा ताव घेतले, पुठ्ठ्यासाठी जाड कागद घेतला. डब्यातली कार्डे एका चिकटवहीत नीट लावून अक्काला द्यायची, असा माझा बेत होता. क्षमा मागण्यापेक्षा तो सोपा वाटला.

पुणे-औरंगाबाद हा रस्ता वर्णन करण्याजोगा नाही. सुपे, नगर, घोडेगाव, नेवासा फाटा. प्रवरासंगमला गोदावरीच्या पुलावर मात्र एसटीतली निम्मी माणसे हात जोडतात आणि काही जण खिडकीतून नाणी टाकतात. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या मांडीवरल्या डब्याकडे बोट करून विचारले, "फराळाचं नेताय जणू बहिणीकडं?" मी हो म्हणालो.

अक्काचे घर गुलमंडीच्या मागल्या बाजूला. तिने दार डाव्या हाताने उघडले. मला पाहून म्हणाली, "जेवलास?" अकरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. मी नाही म्हणालो.

रात्री डबा उघडला. अक्काने कार्डे सालवार लावायला सांगितली. मी एकेक टेबलावर मांडत गेलो आणि मला प्रथमच दिसले, की डब्यात मी ती ठेवली होती खरी, पण पाहिली नव्हती. 2003 आणि 2004 ची कार्डे गिरणीच्या कागदावरची होती. त्यांचा रंग चहा सांडल्यासारखा झाला होता. 2005 च्या कार्डावर तिने चिकटपट्टी वापरली होती. पट्टी गळून गेली होती आणि तिच्या जागी तपकिरी डाग होता. "त्या साली परीक्षांचं काम होतं. घाई झाली," अक्का म्हणाली, एखाद्या विद्यार्थिनीने चूक कबूल करावी तशी. 2006 पासूनची कार्डे मात्र साईसारखी पांढरी होती. लग्नपत्रिकेतला गणपती होता. आईच्या इरकली लुगड्याच्या काठाचा बोटभर तुकडा होता. रांगोळीचे ठिपके होते, एकाला एक जोडलेले. आणि 2011 च्या कार्डावर त्या ठिपक्यांना जोडणारी रेघ थरथरलेली होती. 2012 च्या कार्डावर ती इतकी हलली होती की माझ्यासारख्याच्याही ध्यानात आली. त्याच दिवाळीत ते कार्ड माझ्या हातात होते! मी दोन शब्द वाचून डब्यात टाकले होते.

अक्काने मोजले. "दहाच? मी अकरा पाठवली."

"पहिलं मी फाडलं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी पुण्याहून आणलेला कागद तिने चिमटीत धरून दिव्यासमोर पाहिला. "चांगला आहे. पुठ्ठ्याला होईल. पानांना आपण कागजीपुऱ्याचा आणू. ही पांढरी कार्डं त्याच कागदाची आहेत."

दुसऱ्या दिवशी दिवसभराची रिक्षा ठरवली. छावणी, मिटमिटा, शरणापूर, असे करीत दौलताबाद आले. किल्ल्याविषयी मी काही लिहिणार नाही. ज्याने तो पाहिला त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिला नाही त्याने तो चढावा. माझे लक्ष होते ते सीताफळांकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोपल्याच टोपल्या. अक्काने रिक्षा थांबवून डाव्या हाताने सीताफळे दाबून पाहिली आणि भाव केला. हात गेला तरी भाव करण्यात काही कमी झाले नव्हते. पुढे रस्ता जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो. दरवाजा अरुंद, मोटार एकावेळी एकच मावते. समोरून एसटी आली की इकडच्याने थांबायचे. आम्ही थांबलो. अक्का म्हणाली, "मुलांना मी इथंच सांगत असे. महंमद तुघलकानं 1327 साली दिल्लीची राजधानी इथं आणली. राजधानी म्हणजे काय? शिक्का, तलवार आणि कागद. पहिली दोन परत गेली, कागद राहिला."

या कागदी लोकांचे पूर्वज तुघलकाबरोबर दिल्लीहून आले असे तिथली मंडळी सांगतात. ते असो. पण दौलताबादी कागद आणि जुन्नरी कागद ही नावे आपल्या जुन्या दप्तरांत येतात, हे खरे. पुण्यातही कसब्यात कागदीपुरा आहे. पेशव्यांचे राज्य चालले ते या हातकागदावर. आणि आजही पुण्याच्या पेशवे दप्तरात जाऊन बघावे, कागद मऊ आहे, काजळाची शाई काळीभोर आहे. माझ्या कचेरीतल्या तीस वर्षांपूर्वीच्या फायली मात्र उघडल्या की पानाच्या कडेचा भुगा मांडीवर पडत असे.

घाट चढून वर आलो, की डावे-उजवे करीत रिक्षा वस्तीत शिरली. अक्का दर वर्षी सातवीच्या मुलांना इथे आणायची, त्यामुळे वाट तिला पाठ. एक जुना चौक, एका बाजूला पत्र्याची शेड, आणि ओल्या कापसाचा वास. कोणे एके काळी गावातल्या घराघरांत हौद होते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा मला तरी हा एकच दिसला. आतून एक वृद्ध गृहस्थ हात पुसत आले. "बाई आल्या! बहोत दिवसांनी, बाई." मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. ते काही विचारायच्या भरीस पडले नाहीत. खुर्ची आणवली, चहा सांगितला.

चाचांच्या कागदाचा कच्चा माल म्हणजे शिंप्याकडची कात्रणे. पांढऱ्या सुती कापडाच्या बोटभर चिंध्या. पूर्वी गोणपाटाचे, अंबाडी-तागाचे जुने दोर घेत, ते कुजवून, चुन्यात घालून, ढेंकीखाली पायाने कुटत. आता कुटायला विजेचे यंत्र आहे. चिंध्यांचा पाण्यात इतका लगदा होतो की हातात घेतला तर धुतलेल्या भाताच्या पेजेसारखा ओघळतो. तो हौदात सोडतात. मग चौकटीवर बारीक चाळण अंथरून ती चौकट आडवी हौदात बुडवायची आणि वर उचलायची. उचलताना एकदा पुढे-मागे आणि एकदा डावी-उजवीकडे हलवायची. सगळी कला त्या दोन हिसक्यांत आहे. सुताचे तंतू एकमेकांत विणले जातात ते तेवढ्या क्षणात. पाणी खाली गळते आणि चाळणीवर साय धरल्यासारखा कागद उरतो. तो कापडावर उलटा पाडायचा, एकावर एक ताव रचून दाबाखाली पाणी काढायचे, वाळवायचा. वाळलेला कागद टीपकागदासारखा असतो, शाई पिऊन टाकतो. म्हणून त्याला खळ द्यायची, पुन्हा वाळवायचा आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा.

घोटायचा, म्हणताच मला एकदम शाळेतला घोटीव कागद आठवला. हस्तव्यवसायाच्या तासाला लाल-हिरवा चकचकीत घोटीव कागद आणायला सांगत. त्याला घोटीव का म्हणतात हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कागजीपुऱ्यात कळले. आणि दुसरी एक गंमत लक्षात आली. हा कागदच मुळी कात्रणांचा. त्याची वही करून त्यावर आम्ही पुन्हा कात्रणेच चिकटवणार.

गिरणीचा कागद पिवळा का पडतो, हे अक्काने मला तिथे खुर्चीत बसून समजावले. त्यात लाकडाचा लगदा असतो. लाकडातला जो भाग झाडाला ताठ ठेवतो, तो कागदात राहिला की उजेडाने आणि हवेने तांबूस होतो. वर्तमानपत्राचा कागद सर्वांत वाईट. शिवाय गिरण्यांत पुष्कळ वर्षे राळ आणि तुरटी घालीत, त्या तुरटीने कागद आतून आंबतो आणि ठिसूळ होतो. सुती चिंधीत हे लाकडाचे लफडे नाही. "म्हणून चिकटवहीत वर्तमानपत्राचं कात्रण लावलंस तर समोरच्या पानावरही त्याचा डाग उमटतो," ती म्हणाली. मी माझ्या बढतीची बातमी अशीच एका वहीत लावून ठेवली आहे. घरी जाऊन पाहिले, समोरच्या पानावर बायकोच्या तरुणपणच्या फोटोभोवती बरोबर त्या बातमीएवढा चौकोन उमटला होता.

आम्ही निघायच्या बेतात असताना चाचा म्हणाले, "बाई, एक ताव काढा ना. मुलांना तर काढायला लावायच्या."

अक्का नको म्हणाली. चौकटीला दोन हात लागतात. चाचांनी कोपऱ्यातली एक लहान चौकट काढली, तिची डावी बाजू अक्काच्या डाव्या हातात दिली आणि उजवी बाजू धरायला मला सांगितले. आम्ही दोघे हौदाच्या काठावर ओणवे झालो. पाणी चांगलेच गार होते. "बुडव," अक्का म्हणाली. मी बुडवली. "आता उचल. हळू. माझ्याबरोबर." मी उचलली, पण माझी बाजू आधी वर आली की तिची, कोण जाणे, लगदा एका बाजूला घसरला. ताव पडला तो माझ्या बाजूला जाड आणि तिच्या बाजूला इतका पातळ, की पलीकडचे बोट दिसावे. मी म्हणालो, "पुन्हा काढू." चाचांनी माझ्याकडे न पाहता तो कापडावर पाडलासुद्धा. "ऐसाच राहू द्या," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी एका मुलाबरोबर तो त्यांनी गुलमंडीला पाठवला. खळ नाही, घोटणे नाही, कडा दातेरी.

वही करायला आम्हाला तीन दिवस लागले. लक्ष्मीपूजन 3 नोव्हेंबरला होते. दाजी फराळाचे ताट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून जात आणि आम्ही कागदाला तूप लागेल म्हणून ते खाली जमिनीवर ठेवत असू. आता कात्री माझ्याकडे आली होती. अक्का सांगे आणि मी कापी. हे उलटे काम किती अवघड आहे त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी मी तीन ताव वाया घालवले.

चिकटवही करणे हे काम सोपे आहे, आणि ती फुगून फुटणारी होणे हे त्याहून सोपे आहे. नुसती पाने शिवून त्यांवर कार्डे लावली तर पुढची बाजू जाड होते आणि वही 'आ' वासून राहते. म्हणून प्रत्येक पानामागे शिवणीपाशी त्याच कागदाची दोन बोटे रुंद पट्टी घालून शिवायचे. पट्ट्यांनी कण्याला जाडी येते आणि कार्डांना मध्ये जागा मिळते. खळ मैद्याची, रोज ताजी, लागेल तेवढीच. आई तीत मोरचूद घालायची, किडे लागू नयेत म्हणून. अक्काने मोरचूद घालू दिले नाही आणि तुरटीही नाही. आणि कार्ड सबंध चिकटवायचे नाहीच. कागदाचे चार लहान कोपरे करायचे, ते पानाला चिकटवायचे आणि कार्ड त्यांत खोचायचे. म्हणजे उघडून आतले वाचता येते आणि उद्या वही खराब झाली तर कार्ड सुटे काढता येते. मला हे फार आवडले. मी आयुष्यभर जे काही चिकटवले ते न सुटण्यासाठीच चिकटवले होते.

पानांना नक्षी काढावी, कडेने रंगीत पट्टी लावावी, असे मी सुचवून पाहिले. हल्ली बाजारात चिकटवह्यांसाठी तयार फुले, फिती, चमचम करणारी टिकली, काय वाटेल ते मिळते. कार्ड हुडकून काढावे लागेल अशी ती पाने होतात. अक्काने एका पानावर एकच कार्ड, खाली बोरूने साल, एवढेच ठेवले. साल लिहायचे कामही मलाच करावे लागले. माझे अक्षर कारकुनी, पण आकडे बरे येतात.

या चिकटवह्यांच्या नादात मोठमोठी माणसे पडली आहेत. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने 1873 साली पानांना आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. पान ओले करायचे आणि कात्रण लावायचे. मी हे अक्काला मोठ्या ऐटीत सांगितले. ती म्हणाली, "मग त्याच्या बहिणीला कोपरे करता येत नसणार."

चौथ्या दिवशी अकरा पाने झाली. दहा पानांवर दहा कार्डे बसली. कागजीपुऱ्याहून आलेला तो वेडावाकडा ताव अक्काने सगळ्यांच्या आधी शिवायला लावला. त्याचे एक टोक जाड असल्याने सुई जाईना. मी अंगठ्याला बोचून घेतली. मग तिने त्यावर साल घालायला सांगितले. मी 2002 लिहिले. खळ न दिलेला कागद, शाई फुटली आणि आकड्यांना मिशा आल्या.

"आणि इथं काय लावायचं?" मी विचारले.

"काही नाही. राहू दे."

वही पाट्याखाली दाबून ठेवली. भाऊबीजेला अक्काने मला ओवाळले. तबक डाव्या हातात, त्यामुळे ते उलटे फिरले. दाजी हसले, ती हसली नाही. मी ओवाळणी घातली आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आलो. वही तिच्याकडेच राहिली.

त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. 2023 साली त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. वाईला आमच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे आणि तिला सरकते दार आहे. पण मला सांगायचे आहे ते 2014 च्या दिवाळीचे. त्या वर्षी दसऱ्यानंतर मी पुण्यातल्या घरी टेबल आवरले, तपकिरी कागद आणला, उरलेला कागजीपुऱ्याचा तुकडा काढला आणि एक कार्ड केले. दोन झडपांचे दार, खरोखर उघडणारे. कडी-कोयंडा काळ्या कागदाचा कातरून लावला. त्यात माझी एक संध्याकाळ गेली आणि बायकोच्या भरतकामाच्या कात्रीची धार गेली. आत लिहिले, 'शुभ दीपावली.' खाली नाव. पाकिटात घातले आणि स्वतः पोस्टात जाऊन टाकले.

धनत्रयोदशीला फोन वाजला. अक्काच होती.

"दार पोचलं," ती म्हणाली. "खळ कडेनं बाहेर आलीय."

"आलीच असेल."

"आणि कडी उजवीकडे केलीस. आपल्या दाराची कडी डावीकडे होती. आई आतून डाव्या हातानं काढायची, उजव्या हातात दिवा असायचा. आठवत नाही तुला?"

मला आठवत नव्हते.

"मग दुसरं कर आणि पाठव," अक्का म्हणाली. "तोवर ते पान रिकामंच ठेवते."